नेसणं, लेणं आणि झिजणं

आज एका शब्दाबद्दल बोलायचंय. तसा शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या रोजच्या वाटेवरचाच आहे. वडगावच्या, कामशेतच्या किंवा लोणावळ्याच्या बाजारपेठेतून चालत जा. दुकानांच्या पाट्या दिसतात: 'लेडीज वेअर', 'किड्स वेअर', 'मेन्स वेअर'. म्हणजे अंगावर घालायचे कपडे. त्याच रस्त्याला पुढं गॅरेज असतं. तिथला मेकॅनिक टायरवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "ताई, वेअर अँड टेअर झालंय, बदलावा लागेल." म्हणजे झीज. आता शाळेतली पोर विचारते, "आई, वेअर म्हणजे कपडे घालणं का झिजणं?" तिला सांगायचं, दोन्ही.

इंग्रजीत हे कसं झालं ते आधी थोडक्यात सांगते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ अंगावर कपडा घेणं एवढाच होता. कपडा अंगावर घेतला की तो वापरला जातो, वापरला की विरतो. बोलता बोलता लोकांनी एकाच शब्दात दोन्ही टोकं धरली. पुढं कपड्याची झीज दगडाला, चाकाला, माणसाच्या अंगाला सगळ्यांनाच लागू झाली. दमलेल्या माणसालाही इंग्रज याच शब्दाचं रूप वापरून 'झिजून गेलेला' म्हणतो.

आणखी एक गंमत आहे. हा 'वेअर' आपला लांबचा नातेवाईक निघतो. संस्कृतात 'वस्' म्हणजे अंगावर घेणं. त्यावरून वस्त्र आलं, वसन आलं. त्याला 'नि' लागून आपलं 'नेसणं' तयार झालं. इंग्रजीतला 'वेअर' त्याच जुन्या मुळातून फुटलेला आहे, फक्त तिकडं मधल्या 'स'चा 'र' झाला. भाषांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच लावून ठेवलंय. म्हणजे 'लेडीज वेअर'च्या पाटीखाली उभी राहून लुगडं नेसलेली म्हातारी एकाच घराण्यातले दोन शब्द वागवत असते.

पण इंग्रजी बाई एकाच शब्दात सगळं उरकते. कपडा, चप्पल, टोपी, चष्मा, अंगठी, अत्तर, केसातलं फूल, सगळ्याला 'वेअर'च. आपल्याकडं तसं चालत नाही. आपण साडी नेसतो आणि पोलकं घालतो. पदर घेतो. शाल पांघरतो. गजरा माळतो, कुंकू लावतो, काजळ घालतो, बांगड्या भरतो, डोरलं बांधतो. गडीमाणूस पागोटं बांधतो, टोपी घालतो, दाढी राखतो. आणि दागिना आपण लेतो.

यातला 'नेसणं' आणि 'घालणं' हा फरक जपून ठेवण्यासारखा आहे, कारण त्यात कपड्याचा इतिहास आहे. जे न शिवता अंगाभोवती गुंडाळायचं ते नेसायचं: लुगडं, धोतर, पंचा. जे शिवून आणलेलं आणि हातपाय आत सारून चढवायचं ते घालायचं: चोळी, सदरा, परकर, ड्रेस. सुई आणि शिंपी मधे आला की क्रियापद बदलतं. हल्लीच्या मुली "साडी घातली" म्हणतात. त्यांना रागवू नका. काही ठिकाणी शिवलेली तयार नऊवारी मिळते, निऱ्या आधीच घालून ठेवलेली, पँटसारखी चढवायची. ती खरंच घातली जाते, नेसली जात नाही. शब्द त्यांचा बरोबरच आहे.

आता 'लेणं'. हा शब्द ऐकला की मावळात राहणाऱ्या बाईला दोन गोष्टी आठवतात. एक, सौभाग्यलेणं. आणि दुसरी, कार्ल्याची, भाज्याची, बेडश्याची लेणी. हे दोन शब्द दिसायला जुळे, पण आईबाप वेगळे. दागिन्याचं लेणं हे 'लेणे' म्हणजे अंगावर घालणे या क्रियापदावरून आलं. डोंगरातलं लेणं मात्र 'लयन' या शब्दावरून आलं. लयन म्हणजे निवाऱ्याची, विसाव्याची जागा. कार्ल्याच्या शिलालेखात हा शब्द 'लेण' असा कोरलेला आहे. वलुरक इथल्या लेण्यांत राहणाऱ्या साधूंना गाव दान दिल्याचं तिथं लिहिलंय. वलुरक हे कार्ल्याच्या लेण्यांचं त्या वेळचं नाव. आणि आपल्या मावळचं जुनं नाव 'मामाल' तेही तिथल्याच लेखांत सापडतं. म्हणजे मावळ आणि लेणं हे दोन्ही शब्द एकाच भिंतीवर, जवळजवळ दोन हजार वर्षं.

एकवीरा आईच्या दर्शनाला आपण कितीदा जातो. पायऱ्या चढून, नारळ-ओटी देऊन उतरतो. पुढच्या खेपेला चैत्याच्या ओसरीत दोन मिनिटं थांबा आणि तिथल्या जोडप्यांकडं बघा. बाया-पुरुष शेजारी शेजारी उभे आहेत. बायांच्या कमरेला वस्त्र, त्यावर मेखला, हातात बांगड्या, कानात जड कुंडलं, पायात जाडजूड वाळे. शिवलेलं अंगावर काही नाही. सगळं नेसलेलं आणि लेलेलं. वरचं अंग उघडं आहे, बायांचंही आणि पुरुषांचंही, आणि कुणाच्या चेहऱ्यावर त्याची लाज नाही. बाईनं काय घालावं याचे नियम सनातन आहेत असं कुणी सांगायला लागलं, तर त्याला कार्ल्याला घेऊन जावं असं मला नेहमी वाटतं.

आत वर बघितलंत तर छताला लाकडी कमानी दिसतील. दगडी छताला लाकडाची काही गरज नव्हती. आधी लोक लाकडाची सभागृहं बांधत, तीच सवय दगडात उतरली. हे लाकूड त्या काळातलंच आहे आणि अजून जागेवर आहे. शेजारच्या बेडश्याला मात्र लाकूड राहिलेलं नाही. एकाच मावळातला पाऊस, एकाच जातीचा कातळ, तरी एक टिकलं आणि एक गेलं.

बेडश्याला पाण्याचं एक टाकं आहे. त्यावरच्या लेखात ते देणाऱ्या बाईचं नाव आहे: सामडिनिका. ती एका महाभोजाची लेक, स्वतःला महारथिनी म्हणवणारी, आपदेवणकाची बायको. कार्ल्याला दगडी कठड्याच्या दानात आसाढमिता नावाच्या भिक्षुणीचं नाव आहे. एक लेणी-दागिने ल्यालेली मोठ्या घरची बाई, दुसरी सगळं उतरवून ठेवलेली. दोघींची नावं दगडात आहेत. त्यांच्या अंगावर काय होतं ते विरून गेलं. पण पाणी भरायला येणाऱ्यांसाठी टाकं द्यावं हे बाईलाच सुचलं, याचं मला आश्चर्य वाटत नाही. तुम्हालाही वाटणार नाही.

आता दगड सोडून कापडाकडं येऊ. कापडाचा इतिहास दगडासारखा टिकत नाही. तो शब्दांत टिकतो, आणि हे शब्द बायांनी केलेले आहेत. तुम्ही घरातल्या जुन्या बाईला लुगड्याचं आयुष्य विचारा. ती कोऱ्या लुगड्यापासून सुरू करेल. कोरं म्हणजे पाणी न लागलेलं. मग सणाला घडी मोडायची. घडी मोडली की ते नेसणीत आलं. वर्षभरात ते विटतं, म्हणजे रंग उतरतो. मग विरतं, म्हणजे सूत पातळ होतं, उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं. टोकांना दशा निघतात. एवढं होऊनही ज्याला भोक नाही ते धडुतं. अंगवळणी पडलेलं, मऊ झालेलं, ते जुनेर. जुनेराच्या पुढं पटकूर, पटकुराच्या पुढं लक्तर, आणि शेवटी चिंधी. इंग्रज एका शब्दात जे सांगतो त्याच्या आपण एवढ्या पायऱ्या केल्यात. पायऱ्या कशासाठी? प्रत्येक पायरीवर त्या कापडाचं काम वेगळं होतं म्हणून.

वर 'दशा' म्हटलं. हा शब्द बघा. कापडाच्या टोकाला सुटलेले धागे म्हणजे दशा. आणि माणसाची अवस्था, तीही दशाच. "काय दशा झालीय पोरीची" असं आपण म्हणतो ना? संस्कृतातही या शब्दाला हे दोन्ही अर्थ आहेत, आणि दिव्याची वात हा तिसरा. म्हणजे कपडा आणि दुरवस्था एका शब्दात बांधायची युक्ती इंग्रजांची एकट्याची नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला जुन्या वस्त्राची उपमा दिलीय, ती कीर्तनात तुम्ही शंभरदा ऐकली असेल. जुनं टाकायचं, नवं घ्यायचं. पण ती उपमा ऐकताना माझ्या मनात येतं, जुनं टाकून नवं घेणं ज्याला परवडतं त्याचीच ती. आपल्या आज्या-पणज्यांनी जुनं टाकलंच नाही.

त्या दंड घालायच्या. नऊवारी लुगडं टोकांना फारसं फाटत नाही. ते बसायच्या जागी, गुडघ्याच्या जागी, म्हणजे मधे विरतं. मग मधला विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन्हीकडचे धड भाग एकमेकांना शिवायचे. त्या जोडाला दंड म्हणतात. दंड घातलं की लुगडं अख्खं वर्ष पुढं ढकललं. फक्त नऊ वाराचं आठ-सव्वाआठ वार व्हायचं, आणि नेसताना तो दंड निऱ्यांत किंवा कासोट्यात दडवायचा. लग्नकार्यात कुणाचा दंड दिसला तर बाकीच्या बाया बघून न बघितल्यासारखं करायच्या. उद्या आपल्यावरही तीच वेळ, हे प्रत्येकीला माहीत असायचं.

दंड घालूनही विरलं की त्याची गोधडी. दोन-तीन जुनेरं एकावर एक पसरायची, मधे चिंध्यांचा थर, आणि धावदोऱ्याचे टाके. जाड झाली तर वाकळ. उरलेल्या तुकड्यांतून बाळाचं दुपटं आणि झबलं, कारण जुनेराएवढं मऊ कापड बाजारात मिळत नाही. हंड्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ. भाकरी बांधायचं फडकं. चुलीपुढचं पोतेरं. देवापुढचा काकडा, वात. आणि एक वापर आपण कधी मोठ्यानं सांगितला नाही: महिन्याच्या पाळीची घडी. पिढ्यान् पिढ्या आपल्या बायांनी पाळीला जुनेर वापरलं. सुती, पाणी शोषणारं, मऊ. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट होतं ते लपवणं. कुणाला दिसू नये म्हणून ती घडी दुसऱ्या कपड्याखाली, अंधारात वाळत घालायची. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात इथं उघड्यावरचा टॉवेल वाळत नाही, कपाटातल्या चांगल्या साडीला बुरशी धरते. तिथं लपवून ठेवलेली घडी वाळणार कशी? ओलसर कापडानं जे आजार झाले ते बायांनी सोसले आणि दवाखान्यातही सांगितले नाहीत.

कापडाची ही टंचाई का होती, हेही बघायला हवं. मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ साली झाली. पण गिरणीचं कापड घाटावर स्वस्तात यायला वाट हवी होती. ती बोरघाटातल्या रेल्वेनं झाली, १८६३ साली. तो घाट आपल्या दारातला. खंडाळ्याच्या बोगद्यांसाठी हजारो मजूर खपले, साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी कितीतरी मेले. आणि हे काम शेवटास नेलं त्यात एका बाईचा हात आहे. कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, ठेका स्वतःकडं घेतला, इंजिनिअर नेमले आणि काम पुरं करून घेतलं. ठेकेदारणीचं नाव निदान कागदावर राहिलं. दगडमाती वाहणाऱ्या बायांची नावं कुठं नाहीत.

रेल्वे आली, गिरणीचं कापड आलं, आणि गावोगावचे माग एकेक करून थंडावले. पुढं दुसऱ्या महायुद्धात कापड सैन्याकडं वळलं, भाव भडकले. १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. जुनी माणसं त्याला 'कंट्रोलचं कापड' म्हणायची. तेव्हा दंड घालणं हा काटकसरीचा प्रश्न राहिला नाही, अब्रूचा झाला. घरात एकच धड लुगडं आणि दोन सुना असल्या तर एकीनं बाहेर पडायचं, दुसरीनं आत थांबायचं. 'अब्रू झाकणं' हे शब्द तेव्हा अक्षरशः खरे होते.

मग नायलॉन आलं, टेरिकॉट आलं, पॉलिस्टर आलं. स्वस्त, इस्त्री नको, मावळच्या पावसातही तासाभरात वाळणारं. भातलावणीला जाणाऱ्या बाईला हे वरदान वाटलं असेल तर नवल नाही. पॉलिस्टरची साडी विरत नाही. फार तर धागे ओढले जातात, गाठी येतात. पण त्यामुळं जुनेर होणंच थांबलं. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, म्हणून त्याचं पोतेरं होत नाही, पाळीची घडी होत नाही. त्याची गोधडी घसरते आणि उकडते. वात केली तर ती जळण्याऐवजी वितळते. लुगड्याच्या मागच्या सगळ्या पायऱ्या त्या एका धाग्यानं तोडल्या. आज ओढ्याच्या काठाला झुडपांत अडकलेल्या साड्या दिसतात त्या सगळ्या याच. पाळीच्या कापडाची जागा पॅडनं घेतली. महाराष्ट्रात २०१८ च्या ८ मार्चला अस्मिता योजना सुरू झाली, तेव्हा पॅड विकायचं काम बचत गटांकडं दिलं होतं, आणि जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाकीट पाच रुपयांना ठेवलं होतं. ज्या गटांनी ते विकलं त्यांना आठवत असेल, सुरुवातीला बाया पाकीट कागदात गुंडाळून मागायच्या. लपवणं तेवढं जुन्या कापडावरून नव्या पॅडवर आलं.

आता ज्या शब्दावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो शब्द. बांगडी पिचली तर आपण "फुटली" म्हणत नाही. "वाढली" म्हणतो. मंगळसूत्र तुटलं तरी "वाढवलं". दुकान बंद करताना वाणी दुकान "वाढवतो", देवापुढं नारळ "वाढवतात". जे कमी झालं, मोडलं, त्याला उलट वाढ म्हणायचं, म्हणजे अशुभाला वाट मिळणार नाही. इंग्रजी शब्द झिजण्याला सरळ झिजणं म्हणतो. आपण बाईच्या अंगावरच्या लेण्याला झिजायची परवानगीच दिली नाही. कारण ते लेणं तिचं मानलंच नव्हतं. ते नवऱ्याच्या आयुष्याची खूण होतं. कासार बांगड्या भरायचा तिच्या हातात, पण त्या असायच्या त्याच्या नावाच्या.

म्हणून नवरा गेला की त्याच बांगड्या, ज्या पिचल्या तर 'फुटल्या' म्हणायची चोरी, त्या चार बायांनी धरून मुद्दाम फोडायच्या. तिथं 'वाढवणं' नाही. कुंकू पुसायचं, डोरलं तोडायचं, जोडवी काढायची. ब्राह्मणांत तर केस काढून लाल जाडंभरडं आलवण नेसायला लावायचे. कष्टकरी जातींत पाट लावायची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची मोकळीक होती, शेतात राबणारे हात कुणाला बसवून ठेवता येत नव्हते. पण बांगड्या तिथंही फुटायच्या. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला कायद्यानं १८५६ साली मान्यता मिळाली. अंगावरून काय उतरवायचं याबद्दल कायदा काही बोलला नाही.

ते बोललं एका गावानं, आणि फार उशिरा. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. करोनात गावोगावची तरुण माणसं गेली होती. पंचविशी-तिशीतल्या पोरींच्या हातावर बांगड्या फोडताना बघून लोकांना ते सोसलं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं आणि बाकीच्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असं सांगितलं. परिपत्रक म्हणजे आवाहन. ठराव ग्रामसभेतच करावा लागतो, आणि ग्रामसभेत बाया बसल्या तरच तो होतो. आपल्या मावळातल्या किती गावांच्या ठरावबुकात हा ठराव आहे ते तुमच्या गटानं ग्रामपंचायतीत जाऊन विचारावं. ठरावबुक बघायला मागणं हा आपला हक्क आहे.

याची दुसरीही बाजू आहे. काही बाया म्हणतात, नवरा गेला, मला आता घालावंसं वाटत नाही. तेही ठीक. ठराव घालायची सक्ती करत नाही. नेसणं आणि लेणं तिच्या मर्जीवर आलं की बाकी कुणी बोलायचं कारण उरत नाही.

शेवटी झिजण्याकडं येते. मराठीत झिजणं हे बाईचं कौतुक समजतात. "चंदनासारखी झिजली हो घरासाठी" असं दहाव्या-बाराव्याला सगळे म्हणतात. पुरुष झिजतो तेव्हा बहुतेक त्याच्या चपला झिजतात, तालुक्याला हेलपाटे घालून. बाईचा देह झिजतो. भातलावणीत दिवसभर ओणवं राहायचं. गुडघाभर चिखलात पाय, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, डोक्यावर पूर्वी पळसाच्या पानांचं इरलं आणि आता प्लॅस्टिकचा कागद. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी तांदूळ निघाला आणि त्यानं मावळचं नाव सगळीकडं नेलं. त्याचा वास सगळ्यांना माहीत आहे. पण एकेक रोप खाली वाकून लावणारीची कंबर भात विकत घेणाऱ्याला दिसत नाही.

पन्नाशीत ती बाई गुडघे धरून दवाखान्यात जाते. डॉक्टर फोटो बघून म्हणतात, "मावशी, झीज झालीय." घरी येऊन ती सांगते, गुडघे झिजले, आता काय, संपलं. इथं हा शब्द नडतो. टायर झिजला की संपला, कारण रबर पुन्हा वाढत नाही. गुडघा टायर नाही. कूर्चा पातळ होते हे खरं, बायांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो हेही खरं, पाळी गेल्यावर तर जास्तच. पण मांडीचे स्नायू बळकट केले की दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं. त्यासाठी व्यायाम आहेत, खुर्चीवर बसून करता येण्यासारखे. कुठले करायचे ते डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. 'झीज' ऐकून जी बाई हलणंच सोडते तिचे गुडघे आणखी आखडतात. माझं डॉक्टरांना एवढंच म्हणणं आहे की बाईला 'झीज' सांगितलीत तर पुढचं वाक्यही सांगा.

आणि एक हिशोबाची गोष्ट. तुमच्यापैकी ज्या गटांनी शिवणयंत्रं किंवा पापडाचं यंत्र घेतलंय त्यांच्या ताळेबंदात 'घसारा' नावाची ओळ असते. यंत्र वापरलं की त्याची किंमत कमी होते, ती दरवर्षी खर्चात धरायची. प्राप्तिकराच्या हिशोबात यंत्रांना सर्वसाधारणपणे वर्षाला १५ टक्के घसारा धरतात. म्हणजे यंत्राची झीज ही खर्च आहे हे सरकारलाही मान्य आहे. त्याच यंत्रावर रोज आठ तास बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांचा, मानेचा, पाठीचा घसारा कुठल्या ओळीत धरला जातो? गटाला धरता येतो. वस्तूची किंमत ठरवताना कापड, दोरा, वीज, यंत्राचा घसारा एवढंच मांडून उरलेलं 'नफा' म्हणू नका. आधी बसलेल्या तासांची मजुरी लावा, चष्म्याला आणि दवाखान्याला वर्षाकाठी थोडी रक्कम बाजूला काढा, आणि मग जे उरेल त्याला नफा म्हणा. किंमत थोडी वाढेल. गिऱ्हाईक घासाघीस करेल. शनिवार-रविवारी लोणावळ्याला येणारं गिऱ्हाईक चिक्कीला सांगेल ती किंमत देतं.

पुढच्या बैठकीला घरातली एखादी गोधडी घेऊन या. तिच्यात कुणाकुणाची लुगडी आहेत, कुठलं लग्नातलं, कुठलं कंट्रोलच्या काळातलं, ते घरातल्या जुन्या बाईला विचारून या. विरलेल्या कापडाला तुमच्या गावात काय म्हणतात तेही विचारा. पवन मावळात एक शब्द असेल, आंदर मावळात दुसरा, नाणे मावळात तिसरा. ते वहीत लिहून घ्या, सांगणारीच्या नावासकट.